लाथ मारली, पण लागली कुणाला?

*महाराष्ट्र केसरीच्या गादीपासून एनबीएच्या प्लेऑफपर्यंत सगळीकडे एकच प्रश्न आहे. सगळं पणाला लागलेलं असताना, पंच चुकले असं वाटत असताना, डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं? आणि ते एकट्या खेळाडूनंच ठेवायचं का?*

तो व्हिडिओ तुम्ही बघितलाच असेल. एकदा नाही, दहादा बघितला असेल. मित्रांच्या ग्रुपवर त्यावरून भांडलाही असाल.

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरचं वाडिया पार्क. महाराष्ट्र केसरीत गादी विभागाची अंतिम लढत. जो जिंकेल तो गदेसाठी लढणार. एका बाजूला पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ, दुसऱ्या बाजूला नांदेडकडून उतरलेला शिवराज राक्षे. पंचांनी चितपट दिली आणि पृथ्वीराजला विजयी घोषित केलं. शिवराज म्हणाला, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. वाद वाढत गेला. मग त्यानं पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली.

ती रात्र तिथंच संपली नाही. गदेच्या लढतीत पृथ्वीराजसमोर सोलापूरचा महेंद्र गायकवाड होता. मातीच्या अंतिम फेरीत परभणीच्या साकेत यादवला हरवून तो इथवर आलेला. तिथंही गुणावरून वाद झाला आणि लढत संपायच्या आतच महेंद्र मैदानाबाहेर गेला. गदा पृथ्वीराजला मिळाली. राज्य कुस्तीगीर संघानं शिवराज आणि महेंद्र या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर केली.

लगेच सोशल मीडियावर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणाली, "बरोबर केलं, अन्याय किती सहन करायचा?" दुसरी म्हणाली, "पैलवानाला शोभतं का हे?"

तुम्ही कुठल्या पार्टीत होता? थांबा, लगेच उत्तर देऊ नका. आधी थोडं आपल्या भागाकडं बघू.

हे प्रकरण आपल्याच घरचं

शिवराज मूळचा पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरकडचा. पण जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात त्यानं महाराष्ट्र केसरीची गदा उचलली, तेव्हा त्याच्या नावापुढं जिल्हा होता नांदेड. त्या फायनलमध्ये समोर कोण होतं माहितीये? हाच महेंद्र गायकवाड. शिवराजनं एक मिनिट पुरं व्हायच्या आत कुस्ती चितपट केली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये धाराशिवला हर्षवर्धन सदगीरला हरवून त्यानं पुन्हा गदा घेतली.

आणि हे सगळे तयार कुठं झाले? काका पवारांच्या तालमीत. तालीम पुण्यात, पण वस्ताद आपल्या लातूर जिल्ह्याचे, अर्जुन पुरस्कार मिळालेले. त्यांच्या आधीचं नाव घ्यायचं तर रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्ण, पुढं रुस्तम-ए-हिंद. १९७७ मध्ये बेळगावात त्यांनी सतपालला हरवलं, ती कुस्ती आजही जुनी माणसं पारावर बसून डाव-प्रतिडावासकट सांगतात.

लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत किंवा माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत तुम्ही कधी तरी कुस्त्या बघितल्या असतीलच. हलगी वाजत असते, पैलवान अंगाला माती लावतो, समोरच्याशी हात मिळवतो, सलामी झडते. हरलेला उठून जिंकणाऱ्याला भेटतो. कुणी शिकवावं लागत नाही, लहान पोरंही बघून बघून तसंच करतात.

मग असं असताना फायनलच्या दारात येऊन पाय कसा काय उचलला जातो?

एकाच तालमीतले दोन फोटो

"संस्कार कमी पडले" हे उत्तर सोपं आहे. पण आता दुसरा फोटो आठवा.

जानेवारी २०२०. पुण्याचं बालेवाडी. महाराष्ट्र केसरीची फायनल, नाशिकचा हर्षवर्धन सदगीर विरुद्ध लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांचेच पठ्ठे. रोज एकाच आखाड्यात एकमेकांशी झटणारे. निकाल लागला ३-२. एका गुणाचा फरक! हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं काय केलं? हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं आणि मैदानात फिरवलं. त्या दिवशी गदेइतकाच तो फोटो गाजला.

म्हणजे बघा, तालीम तीच, वस्ताद तेच, खुराक तोच. एका फोटोत हरलेला गडी जिंकलेल्याच्या खांद्यावर, दुसऱ्यात पंचाची कॉलर. निव्वळ संस्कारावर बोट ठेवलं तर हा फरक समजत नाही.

फरक परिस्थितीत होता. २०२० ला शैलेश हरला, पण आपण कसे हरलो हे त्याला दिसत होतं. २०२५ ला शिवराजला वाटत होतं, मी हरलोच नाही. आणि ते सिद्ध करायला त्याच क्षणी त्याच्यापुढं रस्ता दिसत नव्हता. निकाल योग्य होता की नाही हे तपासायला नंतर चौकशी समिती नेमली गेली. पण ती नंतर. गादीवर उभ्या असलेल्या, घामानं निथळणाऱ्या पैलवानाला 'नंतर' हा शब्द ऐकू येत नाही.

यातून लाथ माफ होत नाही. पंच चुकले असतील, तरीही नाही. पण पुढची लाथ टाळायची असेल, तर राग कुठून येतो आणि त्याला जागा कुठं द्यायची, हे बघावं लागेल. जगातल्या मोठ्या लीगनी हा धडा बऱ्याच ठोकरा खाऊन घेतलाय.

एनबीएनं हिशोबाची वही काढली

बास्केटबॉलचे रील्स बघत असाल तर 'फ्लॅग्रंट फाउल' हा शब्द कानावर आला असेल. गरज नसताना केलेला धोकादायक धक्का, असा त्याचा अर्थ.

पूर्वी तिथंही मोकळं रान होतं. १९८४ च्या फायनलमध्ये बोस्टन सेल्टिक्सच्या केविन मॅकहेलनं, बास्केटकडं सुसाट निघालेल्या लेकर्सच्या कर्ट रॅम्बिसच्या मानेत हात घालून त्याला अक्षरशः जमिनीवर आपटलं. मॅकहेलला मैदानाबाहेरसुद्धा काढलं नाही. लोकांना वाटायचं, प्लेऑफ म्हटलं की एवढं चालायचंच.

नंतर लीगनं नियम कडक केले. आज एनबीएच्या प्लेऑफमध्ये प्रत्येक खेळाडूचा हिशोब असतो. पहिल्या दर्जाचा फ्लॅग्रंट म्हणजे एक पॉइंट. दुसऱ्या दर्जाचा, म्हणजे जास्त गंभीर असेल तर दोन पॉइंट आणि सामन्यातून थेट बाहेर. पॉइंट तीनच्या वर गेले की पुढचा सामना घरी बसून बघायचा. पंचांशी हुज्जत किंवा गैरवर्तन यासाठी मिळणाऱ्या टेक्निकल फाउलचा हिशोब वेगळा. प्लेऑफमध्ये सातवा टेक्निकल मिळाला की एका सामन्याची बंदी.

या वहीनं एका टीमची चॅम्पियनशिप घालवली. २०१६. गोल्डन स्टेट वॉरियर्सनं त्या मोसमात ७३ सामने जिंकून विक्रम केला होता. फायनलमध्ये ३-१ अशी आघाडी. एक विजय मिळाला की काम फत्ते. पण चौथ्या सामन्यात ड्रेमंड ग्रीन लेब्रॉन जेम्सवर हात उगारून बसला. सामन्यानंतर लीगनं व्हिडिओ बघून तो फ्लॅग्रंट ठरवला. आधीच्या फेऱ्यांमधले तीन पॉइंट होतेच, हा चौथा. पाचव्या सामन्यात ग्रीन बाहेर. वॉरियर्स तो सामना हरले, मग सहावा, मग सातवा. फायनलमध्ये ३-१ वरून हरणारी ती इतिहासातली पहिली टीम.

ग्रीनला राग आला तो क्षण किती सेकंदांचा असेल? दोन? तीन?

आणि नियम कधी कधी निष्ठुर वाटतो, हेही लक्षात घ्या. २००७ च्या प्लेऑफमध्ये सॅन अँटोनियोच्या रॉबर्ट हॉरीनं फिनिक्सच्या स्टीव्ह नॅशला कंबरेनं धडक देऊन टेबलावर फेकलं. चूक हॉरीची. त्याला दोन सामन्यांची बंदी मिळालीच. पण आपला माणूस पडला म्हणून फिनिक्सचे अमारे स्टॉडमायर आणि बोरिस डिआव बेंचवरून उठून मैदानाकडं धावले. त्यांनी कुणाला हातही लावला नव्हता. पण भांडणाच्या वेळी बेंच सोडायचा नाही, हा नियम. दोघांनाही एकेका सामन्याची बंदी. मालिका २-२ अशी बरोबरीत होती. फिनिक्स पुढचा सामना हरलं आणि मालिकाही.

फिनिक्सचे चाहते अजून हळहळतात. पण एक गोष्ट कुणी म्हणू शकलं नाही, की "आम्हाला माहीतच नव्हतं." नियम आधीपासून लिहिलेला होता आणि तो सगळ्यांना सारखाच लागू झाला.

आता या वहीचं दुसरं पान बघा. लीग फक्त खेळाडूंनाच शिस्त लावत नाही. २०१९-२० च्या मोसमापासून प्रशिक्षकाला पंचाच्या निर्णयाला आव्हान देता येतं. आणि २०१५ पासून, अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांत पंचांचं कुठं बरोबर होतं आणि कुठं चुकलं, याचा अहवाल लीग स्वतः दुसऱ्या दिवशी जाहीर करते. निकाल बदलत नाही. पण 'इथं आम्ही चुकलो' हे सगळ्यांसमोर मान्य केलं जातं.

म्हणजे खेळाडूला सांगितलं, हात उचलायचा नाही. आणि त्याच वेळी रागाला वाट काढून दिली.

कुस्तीत ही वाट आहे का?

आहे, पण अर्धीच. आंतरराष्ट्रीय नियमांत गुणांच्या निर्णयाला 'चॅलेंज' देता येतं. प्रशिक्षक कोपऱ्यातून छोटा स्पंज गादीवर टाकतो, पंच व्हिडिओ बघतात. चॅलेंज फसलं तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो आणि तुमचा हक्क संपतो. म्हणून उगाच कुणी वापरत नाही. चितपटीचं मात्र वेगळं आहे. खांदे टेकले, हे पंचमंडळानं मिळून मान्य केलं की लढत तिथंच संपली. पुढं काही उरत नाही. सगळ्यात मोठा निर्णय, आणि तिथंच पैलवानाच्या हातात सगळ्यात कमी.

अशा वेळी संतापून टोकाला गेलेल्यांचं काय झालं?

२००८, बीजिंग ऑलिम्पिक. क्युबाचा तायक्वांदो खेळाडू आंखेल मातोस ब्राँझच्या लढतीत बाद ठरला आणि त्यानं पंचाच्या तोंडावर लाथ मारली. आजन्म बंदी. तो २००० चा ऑलिम्पिक विजेता होता, पण आज नाव घेतलं की लोकांना लाथच आठवते.

मे २०२२, दिल्ली. राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीत १२५ किलो गटाच्या फायनलमध्ये सतेंदर मलिक शेवटच्या क्षणी हरला आणि त्यानं पंचावर हल्ला केला. कुस्ती महासंघानं त्याच्यावर आजन्म बंदी जाहीर केली.

तिसरी गोष्ट जरा निराळी आहे. बीजिंगमध्येच ग्रीको-रोमन कुस्तीत स्वीडनचा आरा अब्राहामियन सेमीफायनलमध्ये वादग्रस्त निर्णयानं हरला. ब्राँझ मिळालं, तर ते पदक त्यानं गादीवर ठेवलं आणि चालता झाला. ऑलिम्पिक समितीनं पदक काढून घेतलं. पण प्रकरण क्रीडा लवादाकडं गेलं आणि लवादानं कुस्तीच्या जागतिक संघटनेलाच सुनावलं, की खेळाडूची तक्रार तातडीनं ऐकणारी व्यवस्था तुमच्याकडं असायला हवी होती. त्याचं म्हणणं ऐकायला हवं होतं, हे मान्य झालं. पदक मात्र परत मिळालं नाही.

यातून काय दिसतं? तुमची बाजू खरी असली तरी चुकीच्या पद्धतीनं मांडली की शिक्षा तुम्हालाच होते. लाथ पंचाला बसते, पण लागते ती आपल्याला. आणि व्यवस्था अपुरी होती, हे कळायला तोवर फार उशीर झालेला असतो.

तीन वर्षं म्हणजे किती?

पैलवानाच्या आयुष्यात तीन वर्षं म्हणजे काय, हे लातूर-नांदेडच्या पोराला सांगायला नको. दूध, तूप, बदाम, थंडाई यांवर घरचे महिन्याला किती घालतात, ते बापाला विचारा. रान कमी, पाऊस त्याहून कमी, तरी पोरगं तालमीत राहिलं पाहिजे म्हणून कुणी म्हैस विकतं, कुणी कर्ज काढतं. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण हीच पुष्कळांची आशा. ती मिळायला स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि प्रमाणपत्राला स्पर्धा खेळावी लागते. मोठ्या पैलवानाचं कसंही निभावेल. पण हाच प्रकार विभागीय स्पर्धेत एखाद्या अठरा वर्षांच्या पोरानं केला तर? त्याचं वयच निघून जातं.

आता शेजारच्या बीडकडं बघा. पाटोद्याचा राहुल आवारे. बिराजदार मामांचा शिष्य, पुढं काका पवारांकडं तयार झालेला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकची संधी हुकली, तेव्हा त्याच्या मनात काय चाललं असेल? त्यानं उत्तर दिलं २०१८ मध्ये, गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकून. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ब्राँझ. आणि मग पोलिस खात्यात उपअधीक्षकपद.

किंवा टोकियो ऑलिम्पिकची सेमीफायनल आठवा. रवी दहिया २-९ नं मागे. त्यानं झुंजत झुंजत कझाकस्तानच्या नूरइस्लाम सानायेवला खाली दाबलं, तर सानायेव त्याच्या दंडाला कडकडून चावला. दातांचे वळ फोटोत स्पष्ट दिसतात. रवीनं पकड सोडली असती, हात उगारला असता, तर? त्यानं पकड आणखी घट्ट केली आणि चितपट मारून फायनल गाठली. राग त्यालाही आला असणारच. तो त्यानं डावात घातला.

आता तुमची पाळी

तुम्ही महाराष्ट्र केसरी खेळत नसाल. पण आंतरशालेय कबड्डी, कॉलेजचं बास्केटबॉल, गल्लीतलं टेनिस बॉल क्रिकेट, काही तरी खेळत असालच. आणि 'पंच विकला गेलाय' हे वाक्य आयुष्यात एकदा तरी बोलला असाल. म्हणून या काही गोष्टी गाठीला बांधून ठेवा.

- नियम आधी वाचा. बास्केटबॉलमध्ये पाच वैयक्तिक फाउल झाले की बाहेर. दोन टेक्निकल किंवा दोन अखिलाडू फाउल झाले, किंवा दोन्हींतला एकेक झाला, तरी सामना संपला. कबड्डीत हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे खेळ खलास. कुस्तीत तिसरी ताकीद मिळाली की लढत हरलात.

- बोलायचं काम कर्णधाराचं किंवा प्रशिक्षकाचं. सात जणांनी पंचांना घेरलं की मुद्दा बुडतो, फक्त आरडाओरडा उरतो. कोण बोलणार हे सामन्याआधीच ठरवा.

- हरकत कागदावर घ्या. बास्केटबॉलच्या नियमात सामना संपल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत मुख्य पंचांना कळवून कर्णधारानं गुणपत्रिकेवर हरकतीची सही करायची असते. आपल्या स्पर्धेत हरकतीची मुदत किती, फी किती, कुणाकडं द्यायची, हे सकाळीच विचारून ठेवा.

- मोबाइल नीट वापरा. एका मित्राला एका जागी उभं राहून सलग शूटिंग करायला सांगा. रील टाकायला नाही, पुरावा म्हणून. आयोजकांनी तो बघावा, असा आग्रह आधीच धरा.

- तीन श्वास. निर्णय विरोधात गेला की पंचाकडं न जाता आधी आपल्या कोपऱ्यात जा. पाणी प्या. वस्ताद काय म्हणतात ते ऐका. सगळा घोटाळा या पंधरा-वीस सेकंदांतच होतो.

आणि तुमच्यातलं कुणी उद्या गावच्या जत्रेत कुस्त्या भरवणार असेल, स्पर्धा घेणार असेल, तर त्याच्यासाठीही एक गोष्ट. एक कॅमेरा लावा. दाद मागायला एक टेबल ठेवा. पंचाची चूक झाली तर ती मान्य करायची हिंमत ठेवा. पैलवानाकडून संयम मागायचा असेल, तर त्याचं ऐकून घेणारं माणूसही तिथं हवं.

परत पहिल्या प्रश्नावर येऊ. तुम्ही कुठल्या पार्टीत? 'अन्याय सहन करू नये' म्हणणाऱ्या, की 'पैलवानाला शोभत नाही' म्हणणाऱ्या?

खरं तर दोन्ही बरोबर आहेत. अन्याय सहन करायचाच नाही. फक्त त्याच्याशी लढायचं ते हरकतीच्या कागदानं, व्हिडिओनं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गादीवर उभं राहून. पुढच्या वर्षी तिथं उभं राहता येणं हीच तर सगळी लढाई आहे, आणि बंदीत ती संधीच जाते.

पुढच्या जत्रेत हलगी वाजेल, तेव्हा सलामीकडं जरा नीट बघा. कुस्ती लागायच्या आधीच दोघं हात मिळवतात. निकाल काय लागणार, हे तेव्हा दोघांनाही माहीत नसतं.